सावलीशी ओळख: एका जुन्या रीतीचा मागोवा

‘शॅडो वर्क’ हा शब्द आता मराठी तरुणांच्या बोलण्यात चांगलाच रुळला आहे. इन्स्टाग्रामवरच्या रील्समधून तो आला आणि त्याच्या मागोमाग वह्या आल्या. या वह्यांची पानं साधारण एकाच धाटणीची असतात. वर अर्धवट सोडलेलं एखादं वाक्य असतं: अमुक प्रकारची माणसं मला सहन होत नाहीत, कारण... खाली आठ-दहा कोऱ्या ओळी. वाक्य आपण पुरं करायचं, हेच का सुचलं याचा शोध घ्यायचा आणि स्वतःचा जो भाग आजवर दडवून ठेवला त्याला जवळ करायचं. कीला शाहीन या अमेरिकी तरुणीने २०२१ मध्ये अशी एक वही स्वतःच प्रसिद्ध केली. २०२३ मध्ये टिकटॉकवर ती इतकी गाजली, की दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या.

या वहीपाशी येणारी माणसं खरं दुःख घेऊन येतात. कुणाला आपल्या रागाची भीती वाटते, कुणी मत्सराने पोळलेलं असतं, कुणाला लहानपणापासून ‘तू वाईट आहेस’ एवढंच ऐकायला मिळालेलं असतं. त्यांना हातात काही साधन मिळालं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण हे साधन काल-परवाचं नाही. त्याची वंशावळ जवळजवळ दोन हजार वर्षं मागे जाते. वाटेत त्याने काय कमावलं आणि काय गमावलं हे सुरुवात करणाऱ्याला ठाऊक असलं, तर त्याचे कष्ट वाया जाणार नाहीत.

दिवा मालवल्यावर

पहिल्या शतकात रोममध्ये सेनेका नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. क्रोधावरच्या आपल्या ग्रंथात त्याने स्वतःची एक रोजची सवय सांगितली आहे. रात्री दिवा मालवला की त्याची बायको गप्प होई, कारण तिला ही सवय माहीत होती. मग सेनेका सबंध दिवस डोळ्यांपुढे आणी. आज त्या वादात आपण जरा जास्तच तिखट बोललो. अमक्याला समज देताना गरजेपेक्षा स्पष्ट बोललो, त्यामुळे तो सुधारला तर नाहीच, उलट दुखावला. स्वतःपासून काहीही लपवायचं नाही, असा त्याचा दंडक होता. पण तपासणीचा सूर मात्र मायेचा होता: पुन्हा असं करू नकोस, या खेपेला तुला माफ केलं. ही रीत आपण सेक्स्टियस या आधीच्या विचारवंताकडून घेतली, हेही त्याने मोकळेपणाने सांगितलं आहे.

आजची वही बहुतेक सगळी इथे आहे: ठरावीक वेळ, एकांत, प्रामाणिकपणा आणि स्वतःला क्षमा. तरीही सेनेकाच्या आयुष्यातली एक गोष्ट विसरता येत नाही. तो सम्राट नीरोचा गुरू आणि सल्लागार होता. इसवी सन ५९ मध्ये नीरोने आपल्या आईचा, अग्रिपिनाचा खून करवला. त्या खुनाचं समर्थन करणारं जे पत्र सिनेटपुढे गेलं ते सेनेकाने लिहिलं होतं, आणि लोकांनी त्याबद्दल त्यालाच दोष दिला, असं इतिहासकार टॅसिटस सांगतो. रोज रात्री आपल्या तिखट शब्दांचा हिशेब घेणारा माणूस सत्तेच्या सावलीत एवढ्या मोठ्या असत्याला हात लावू शकला. एकट्याने केलेल्या तपासणीची मर्यादा पहिल्याच टप्प्यावर अशी उघडी पडते.

रेघा आणि ठिपके

पुढे ख्रिस्ती धर्माने या तपासणीला साक्षीदार दिला. १२१५ च्या लॅटरन परिषदेने जाणत्या वयाच्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाला वर्षातून एकदा तरी धर्मगुरूपाशी पापांची कबुली देणं बंधनकारक केलं. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने तर त्याची पद्धतच बांधून दिली. त्याचं ‘आध्यात्मिक साधना’ हे पुस्तक १५४८ मध्ये छापलं गेलं. त्यात सांगितलेली रीत बारकाईने पाहण्याजोगी आहे. एकच दोष निवडायचा. सकाळी उठताना त्याच्याविषयी सावध राहायचं ठरवायचं. दुपारच्या जेवणानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर तासातासाचा आढावा घ्यायचा. कागदावर प्रत्येक दिवसासाठी दोन रेघा ओढायच्या आणि जितक्यांदा तो दोष घडला तितके ठिपके द्यायचे. मग दुपारची रेघ रात्रीच्या रेघेशी, काल आजशी, हा आठवडा गेल्या आठवड्याशी ताडून पाहायचा. दोष घडला त्या क्षणी छातीला हात लावायचा. चारचौघांतही हे कुणाच्या लक्षात न येता करता येतं, असं त्याने मुद्दाम नोंदवलं आहे. मोबाइलवर सवयींची नोंद ठेवणारी आजची ॲप्स याच कुळातली. मात्र इग्नेशियसच्या पद्धतीत साधकाला वाट दाखवणारा एक अनुभवी माणूस बरोबर असे.

ही साधना खुद्द इग्नेशियसच्या हाताखाली केलेला त्याचा सोबती फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरला. म्हणजे पुस्तक छापलं जाण्याआधीच ही रीत आपल्या किनाऱ्यावर पोचली होती. याच झेवियरने १५४६ मधल्या पत्रात पोर्तुगालच्या राजाकडे गोव्यासाठी इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मन्यायालयाची मागणी केली. १५६० मध्ये ते आलं आणि पुढे अडीचशे वर्षं त्याने लोकांचे हाल केले. स्वतःचा दोष ठिपक्या-ठिपक्यांनी मोजायला शिकलेल्या माणसाला, आपल्या सगळ्या संघाने मिळून परक्यांवर लादलेला काळोख दिसला नाही. बरोबरचा साक्षीदार आपल्याच कळपातला असला की त्याचीही नजर आपल्यासारखीच अडते.

पापाकडून सावलीकडे

इथवर आतला काळोख म्हणजे पाप होतं. ते उपटून काढायचं होतं. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या लेखकांना वेगळी शंका येऊ लागली. शामिसोच्या १८१४ च्या कथेतला पेटर श्लेमील आपली सावली विकतो आणि माणसांत राहायला नालायक ठरतो. हान्स अँडरसनच्या १८४७ च्या कथेत एका विद्वानाची सावली त्याला सोडून जाते, श्रीमंत होऊन परतते, त्यालाच आपली सावली बनवते आणि शेवटी त्याचा जीव घेते. १८८६ मध्ये स्टीव्हन्सनचा डॉक्टर जेकिल आपल्यातलं वाईट औषधाने वेगळं काढतो आणि ते वेगळं निघालेलं वाईट दिवसेंदिवस बळावत जातं. शेवटच्या दोन कथांचा निष्कर्ष एकच: तोडून टाकलेला भाग मरत नाही, तो स्वतंत्रपणे वाढतो.

जेकिलची कथा आली त्याच्या पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात बारा वर्षांच्या एका शाळकरी मुलाला हाच अनुभव आला. त्याचं नाव कार्ल गुस्ताव्ह युंग. वडील पाद्री, नात्यात आणखी कितीतरी पाद्री. उन्हाळ्यातल्या एका लख्ख दुपारी तो शाळेतून कॅथेड्रलच्या चौकात आला. छपरावरची नवी कौलं उन्हात चमकत होती. जग किती सुंदर आहे, देवाने ते घडवलं आणि तो वर सोन्याच्या सिंहासनावर बसला आहे, असं त्याच्या मनात आलं. आणि त्याच क्षणी तो दचकला. पुढचा विचार भयंकर आहे, तो मनात आणला तर आपण कायमचे नरकात जाऊ, असं त्याला वाटलं. मग दिवसरात्र त्याने तो विचार दाबून धरला. झोप उडाली. तिसऱ्या रात्री त्याने विचार केला, की ज्या देवाने मला घडवलं त्यालाच मी हा विचार करावा असं वाटत असलं पाहिजे. त्याने धीर करून तो येऊ दिला. सिंहासनाखालून प्रचंड विष्ठा कॅथेड्रलवर पडते आहे आणि छप्पर, भिंती ढासळत आहेत, असं दृश्य त्याला दिसलं. शिक्षेची वाट पाहणाऱ्या त्या मुलाला विलक्षण हलकं वाटलं आणि तो रडला. कितीतरी वर्षं त्याने हे कुणाला सांगितलं नाही.

पुढे डॉक्टर होऊन युंग १९०० च्या डिसेंबरमध्ये झुरिचच्या बुर्गहोल्झली मनोरुग्णालयात रुजू झाला. तिथे तो रुग्णाला एकामागून एक शंभर शब्द ऐकवी. प्रत्येक शब्दावर मनात पहिला येईल तो शब्द रुग्णाने सांगायचा. युंगच्या हातात स्टॉपवॉच असे. बहुतेक उत्तरं झटक्यात येत. पण एखाद्या साध्याशा शब्दाशी माणूस अडखळे, चुके किंवा हसे. जिथे वेळ लागला तिथे काहीतरी दडलं आहे, हे घड्याळ दाखवत होतं. माणूस दडवतो आहे हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसे. कथाकारांना जे जाणवलं होतं ते आता प्रयोगशाळेत मोजता येऊ लागलं.

१९१३ मध्ये मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याच्याशी संबंध तुटल्यावर युंग स्वतःच्याच मनाच्या तळाशी उतरला. मनात येणाऱ्या दृश्यांना त्याने अडवलं नाही. तिथे भेटणाऱ्या आकृत्यांशी तो बोलला, वाद घातला, आणि तो सगळा मजकूर लाल चामड्याच्या बांधणीच्या भल्यामोठ्या ग्रंथात सुरेख अक्षरांत, रंगीत चित्रांसह उतरवला. हेच ‘रेड बुक’. ते २००९ मध्ये प्रकाशित झालं. आजच्या वहीची थेट आजी ती हीच. त्या काळात आपण बुडालो कसे नाही, हे युंगने पुढे सांगितलं आहे. तो स्वतःला बजावत असे: माझ्याकडे वैद्यकीची पदवी आहे, मला रुग्ण बघायचे आहेत, बायको आहे, पाच मुलं आहेत, मी क्यूसनाख्तमध्ये झेश्ट्रासे २२८ इथे राहतो. घराचा पत्तासुद्धा त्याला आधाराला लागत होता. शॅडो वर्कला नुकती सुरुवात केलेल्या प्रत्येकाने हा पत्ता लक्षात ठेवावा. आत उतरायचं तर बाहेरचं रोजचं जगणं घट्ट धरून ठेवावं लागतं.

सावली म्हणजे काय, याचं युंगचं उत्तर सोपं आहे. ‘मी असा नाही’ म्हणून आपण स्वतःतून वगळलेलं सगळं म्हणजे सावली. त्यात राग, हाव, मत्सर असतात, आणि धिटाई, हौस, निर्मितीची ताकदही असते, कारण लहानपणी तीही कुणाला तरी नकोशी झालेली असते. आपल्याला न दिसणारी ही सावली आपण दुसऱ्याच्या अंगावर पाहतो आणि तिथे तिचा तिरस्कार करतो. १९३२ मध्ये स्ट्रासबर्गला धर्मगुरूंपुढे बोलताना त्याने एक प्रश्न मांडला, आणि आत्मस्वीकाराची सगळी कल्पना त्यात आली आहे. भुकेल्याला अन्न द्यावं, शत्रूवर प्रेम करावं हे आपण जाणतो. पण सगळ्यांत दरिद्री भिकारी आणि खुद्द शत्रू माझ्याच आत बसलेला निघाला, माझ्या दयेची गरज मलाच असली, तर? सेनेकाच्या सुरातली माया इथे पुन्हा भेटते, आणि या खेपेला ती एखाद्या चुकीपुरती न राहता सगळ्या माणसाला मिळते.

युंगची सावली आणि पुण्याची

डिसेंबर १९१३ मध्ये युंगला एक स्वप्न पडलं. एका सावळ्या वर्णाच्या रानटी माणसाबरोबर तो डोंगरात दबा धरून बसला आहे आणि दोघं मिळून जर्मन दंतकथांतल्या वीर सीगफ्रीडला गोळ्या घालतात. त्या माणसाचा अर्थ त्याने लावला: तो माझी आदिम सावली. आपल्यातलं असंस्कृत ते सावळ्या कातडीचं, हे त्याला सहज पटलं. सावलीचा शोध लावणाऱ्याने तिथेच आपल्या काळाची सावली दुसऱ्यांवर टाकली होती. १९३३ मध्ये जर्मनीत नाझी सत्तेवर आले. त्या वर्षी युंगने मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचं अध्यक्षपद स्वीकारलं आणि १९३४ मध्ये ज्यू मन आणि आर्य मन यांत भेद करणारं लेखन केलं. एरिक नॉयमान या त्याच्या तरुण ज्यू शिष्याने पत्र लिहून त्याला सरळ जाब विचारला. युद्धानंतर युंगने लिओ बेक या ज्यू धर्मगुरूंपाशी आपण घसरल्याची कबुली दिली, अशी नोंद ज्यू विद्वान गेर्शोम शोलेमने केली आहे. स्वतःच्या मनात इतकं खोल उतरलेल्या माणसालाही जे दिसलं नाही ते, ज्याच्यावर सावली पडली होती त्याने दाखवून दिलं.

तेल अवीवमध्ये स्थायिक झालेल्या नॉयमानने १९४९ मध्ये ‘खोल मानसशास्त्र आणि नवी नीती’ या आशयाचं पुस्तक प्रसिद्ध केलं. त्याचं म्हणणं असं, की चांगुलपणाचा हट्ट धरणारा समाज आपली घाण बळीच्या बकऱ्यावर लादतो आणि त्याला हाकलून आपण शुद्ध झालो असं समजतो. म्हणून आपली सावली आपण वाहणं हे केवळ स्वतःच्या मनाच्या आरोग्याचं काम राहत नाही. ती शेजाऱ्याशी वागण्याची नीती होते.

मराठी वाचकाला हे दूरचं वाटू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये पेशवाईतल्या पुण्याची नोंद केली आहे. अस्पृश्याची सावली पडून विटाळ होऊ नये म्हणून सवर्ण येत असताना त्याला रस्त्यावर बंदी होती. पाऊलखुणा पुसायला कमरेला झाडू आणि थुंकायला गळ्यात मडकं बांधावं लागे. जात ही जमीन, श्रम आणि सत्तेची व्यवस्था आहे, नुसत्या मानसशास्त्राने ती उलगडत नाही. पण स्वतःला शुद्ध समजणाऱ्यांनी आपला मळ दुसऱ्याच्या सावलीत पाहायचा, याचं याहून उघड उदाहरण मला माहीत नाही. त्या पुण्यातही रोज आत्मचिंतन करणारी, जप करणारी, षड्रिपूंशी झगडणारी माणसं होतीच. त्यांच्या आत्मचिंतनात तो झाडू आणि ते मडकं आलं नाही. ते बोलून दाखवायला ज्यांच्या गळ्यात मडकं बांधलं गेलं त्यांचे वारस यावे लागले.

जमाखर्चाचे रकाने

आत्मपरीक्षणाच्या या आंधळेपणावर सर्वांत व्यवहारी उपाय दारूच्या व्यसनातून सुटू पाहणाऱ्यांनी शोधला. १९३५ मध्ये अमेरिकेत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस सुरू झालं. या संघटनेच्या मुळाशी युंगही आहे: त्याने एका रुग्णाला साफ सांगितलं होतं, की तुझ्या व्यसनावर नुसता वैद्यकीय उपचार चालणार नाही. ती हकिगत फिरत फिरत सहसंस्थापक बिल विल्सनपर्यंत पोचली. १९६१ च्या जानेवारीत विल्सनने आभाराचं पत्र लिहिलं, युंगने त्याच महिन्यात उत्तर दिलं, आणि जूनमध्ये तो वारला.

१९३९ मध्ये निघालेल्या त्यांच्या पुस्तकात एक तक्ता आहे. पहिल्या रकान्यात, मला कुणाचा राग आहे. दुसऱ्यात, का. तिसऱ्यात, त्यामुळे माझ्या कशाला धक्का लागला: मानाला, पैशाला, नात्याला? मग समोरच्याचं वागणं बाजूला ठेवून शोधायचं, की यात माझा वाटा कोणता. या संघटनेने आखलेल्या बारा पायऱ्यांपैकी ही चौथी. पाचव्या पायरीवर हा जमाखर्च एका जिवंत माणसासमोर वाचायचा. आठव्या-नवव्या पायरीवर ज्यांचं आपण नुकसान केलं त्यांची यादी करायची आणि शक्य तिथे भरपाई करायची. भरपाईने आणखी इजा होणार असेल तर थांबायचं. महाराष्ट्रातही या संघटनेच्या सभा मराठीतून भरतात. पाहणं, सांगणं आणि दुरुस्त करणं ही तिन्ही या वंशावळीत इथे एकत्र आली.

वही एकटी कशी पडली

यानंतरचा प्रवास वेगाने झाला. १९६१ च्या पुस्तकात मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सने मांडलं, की माणूस जसा आहे तसा स्वतःला स्वीकारतो तेव्हाच तो बदलू लागतो. १९६० च्या दशकात युंगचा अभ्यासक आयरा प्रोगॉफ याने रोजनिशीची शिस्तबद्ध पद्धत काढली. १९८६ मध्ये जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या आघातांविषयी लिहायला लावलं. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या ते लिहिताना अधिक अस्वस्थ झाले, पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतर असे कितीतरी प्रयोग झाले. सगळे एकत्र पाहिले तर फायदा दिसतो, पण बेताचा. १९८८ मध्ये कवी रॉबर्ट ब्लाय याने सावलीला पाठीमागे ओढत नेण्याच्या लांबलचक पिशवीची उपमा दिली: विशीपर्यंत आपण स्वतःचे नकोसे भाग तीत भरत राहतो आणि उरलेलं आयुष्य ते बाहेर काढण्यात घालवतो. १९९८ मध्ये लेखिका डेबी फोर्डच्या पुस्तकाने हा विचार घराघरांत नेला. तिथून टिकटॉक फार लांब नव्हतं.

या प्रवासात वही स्वस्त झाली, सोपी झाली, मानसोपचार न परवडणाऱ्याच्याही हाती आली. ही मोठी कमाई आहे. गमावलं ते एकच, पण मोलाचं: दुसरा माणूस. ऐकणाराही आणि ज्याला आपल्यामुळे लागलं तोही. वहीत लिहिणारा तोच, वाचणारा तोच आणि माफ करणाराही तोच.

म्हणून सुरुवात करणाऱ्याला माझं सांगणं या इतिहासातूनच येतं. इग्नेशियससारखी एकच गोष्ट निवडा. प्रसंगाच्या मानाने राग फार मोठा आहे असं जिथे वाटेल तिथून आरंभ करा. समजा, जाऊबाई दुपारी खुशाल आडव्या होतात आणि आपल्या अंगाचा तिळपापड होतो. रकाने आखा. तिसऱ्या रकान्यापर्यंत आलात की कदाचित दिसेल, की त्या विश्रांतीचा हक्क आपण स्वतःला कधीच दिला नाही, कारण ‘बसून राहणारी बाई’ हा लहानपणी ऐकलेला सर्वांत वाईट शेरा होता. सेनेकाच्या सुरात स्वतःशी बोला. मग ते पान विश्वासाच्या एका माणसाला वाचून दाखवा. आणि इतके दिवस जे टोमणे मारले त्याबद्दल जाऊबाईंशी नीट बोला. ज्या आठवणी उघडताच शरीर थरथरतं, झोप उडते, जीव नकोसा वाटतो, त्या मात्र वहीच्या भरवशावर एकट्याने उघडू नका. त्यासाठी प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ हवा. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

स्वतःला स्वीकारणं म्हणजे स्वतःला सूट देणं असं मी मानत नाही. जो आपला काळोख आपला म्हणून ओळखतो त्याला तो दुसऱ्याच्या गळ्यात बांधण्याची गरज उरत नाही, आणि आपण कुणाला दुखावलं हे ऐकताना तो कोलमडून पडत नाही. दोन हजार वर्षांच्या या प्रवासात आपल्या सावलीचा मोठा भाग माणसाला दुसऱ्यानेच दाखवला आहे. तेव्हा वही जरूर लिहावी, आणि ती मिटल्यावर जे आपल्याविषयी आपल्याला सांगू शकतील त्यांच्याकडे जाऊन त्यांचं म्हणणं पुरतं ऐकून घ्यावं.